‘बाळंतिणीचं असं होतंच’ म्हणण्याआधी…

‘माय मरो पण मावशी उरो’ असं आपल्याकडे म्हणतात. मावशीच्या मायेचं हे कौतुक ऐकायला मला नेहमीच आवडायचं. पण २०२३च्या पावसाळ्यात मी स्वतः मावशी म्हणून जे काही केलं, त्यानंतर ही म्हण कुणी उच्चारली की मी मान खाली घालते. का, ते आज सांगणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात आत्ता ओली बाळंतीण असेल, तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

माझी धाकटी बहीण चिपळूणला असते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे लेकीचं पहिलं बाळंतपण तिला झेपणारं नव्हतं. भाचीचं सासर आमच्याच कांदिवलीत, महावीर नगरला. मी चारकोपला. म्हटलं, ‘मी आहे ना! चाळीस दिवस माझ्याकडे ठेवते.’ शाळेतून निवृत्त झाल्यापासून वेळ होता, हौसही होती. डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा… सगळं आठ दिवस आधीच आणून ठेवलं होतं.

शेवटच्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर थोडं चढलं म्हणून डॉक्टरांनी सिझेरियन केलं. मुलगी झाली. गोरीपान, भरपूर जावळाची. पाचव्या दिवशी आम्ही तिघी घरी आलो. मी पहाटे उठून खीर करायची, बाळाला आंघोळ घालायला आणि भाचीचे हातपाय चोळायला मालीशवाल्या काकू यायच्या. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं.

नवव्या दिवशी भाची म्हणाली, ‘मावशी, जिना चढल्यासारखी धाप लागतेय गं.’ ती तेव्हा पलंगावर बसून बाळाला पाजत होती. मी म्हटलं, ‘टाके आहेत, अशक्तपणा आहे. बाळंतिणीचं असं होतंच.’ दहाव्या दिवशी तिला खोकला सुरू झाला. पावसाळी हवा म्हणून मी आल्याचा काढा दिला. त्या रात्री तिला आडवं पडवेना. आडवी झाली की खोकल्याची उबळ यायची, जीव घाबरा व्हायचा. मी पाठीशी तीन उशा लावल्या आणि ती बसूनच झोपली. अकराव्या दिवशी पाय सुजले. मी म्हटलं, ‘मलाही सुजले होते. उतरतील.’ बाराव्या दिवशीही मी हेच म्हटलं. चार दिवस मी एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत म्हणत होते!

तेराव्या दिवशी सकाळी मालीशवाल्या काकूंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि तसाच धरून ठेवला. काढला तेव्हा तिथे खळगा पडला होता. भिजवलेल्या कणकेत पडतो तसा. तो भरून यायला वेळ लागला. काकूंनी तेलाची वाटी बाजूला सारली. म्हणाल्या, ‘ताई, हे तेलाचं काम नाही, डॉक्टरचं आहे. पोरगी बसून झोपते म्हणता? आत्ताच्या आत्ता न्या.’

मी अजूनही ‘संध्याकाळी बघू’ म्हणत होते. काकूंनीच माझ्या जावयाला फोन लावायला लावला.

छातीचा फोटो आणि हृदयाची सोनोग्राफी

रुग्णालयाचं नाव मी इथे देत नाही. उपनगरातलं मोठं रुग्णालय होतं एवढंच सांगते. लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून नुसती श्वास मोजत होती. कॅज्युअल्टीत बोटाला चिमटा लावला, तर रक्तातला ऑक्सिजन खाली आलेला. छातीचा फोटो काढला, मग हृदयाची सोनोग्राफी केली. तिला ‘टू-डी इको’ म्हणतात. पोटाच्या सोनोग्राफीसारखीच, न दुखणारी, काही मिनिटांची तपासणी.

डॉक्टर बाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. त्या म्हणाल्या, ‘निरोगी हृदय भरलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर ढकलतं. हिचं १५ टक्केच ढकलतंय. मागे राहिलेलं रक्त फुप्फुसात तुंबलंय. म्हणून धाप आहे, म्हणून खोकला आहे, म्हणून सूज आहे.’

या आजाराला ‘पेरिपार्टम कार्डिओमायोपथी’ असं भलंमोठं नाव आहे. आपण त्याला बाळंतपणातला हृदयाचा अशक्तपणा म्हणू. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत, आधी हृदयाचा काहीही त्रास नसलेल्या बाईच्या हृदयाचे स्नायू एकाएकी ढिले पडतात. का पडतात हे डॉक्टरांनाही पुरतं उलगडलेलं नाही. पण शेवटी शेवटी ब्लडप्रेशर वाढलेल्या, जुळी असलेल्या, तिशीपुढच्या बायकांना याचा धोका जास्त असतो, एवढं नक्की. आजार दुर्मीळ आहे. पण तो ओळखू येत नाही याचं मोठं कारण हे, की त्याची लक्षणं हुबेहूब बाळंतिणीच्या थकव्यासारखी दिसतात.

औषधं सुरू झाली, लघवीवाटे पाणी काढायची इंजेक्शनं दिली, व्हेंटिलेटर लावला. पण रात्री दहाच्या सुमारास प्रेशर कोसळायला लागलं. हातपाय गार पडले, लघवी थांबली. तेव्हा डॉक्टरांनी प्रथमच तो शब्द उच्चारला : ‘एक्मो.’

उसना पंप, उसनं फुप्फुस

एक्मो म्हणजे काय हे त्या रात्री मला कळलं नाही. जावयाने थरथरत्या हाताने सही केली, मी हातातल्या पाटल्या काढून त्याच्या खिशात घातल्या. दुसऱ्या दिवशी आयसीयूत आत सोडलं, तेव्हा यंत्रापाशी बसलेल्या मुलीने मला सगळं समजावलं. ती परफ्युजनिस्ट, म्हणजे हे यंत्र चालवण्याचं शिक्षण घेतलेली तंत्रज्ञ. वय असेल पंचवीस-सव्वीस. यंत्रापासून ती हलत नव्हती. जेवायला जाताना दुसरीला बसवून जायची.

भाचीच्या जांघेतून दोन जाड नळ्या निघत होत्या. एका नळीतून शिरेतलं रक्त बाहेर येत होतं, काळपट, जांभुळसर. ते एका फिरत्या पंपात जायचं, तिथून एका डब्यात. त्या डब्यात केसासारख्या बारीक पोकळ तंतूंचे जुडगे असतात. तंतूंच्या आतून ऑक्सिजन वाहतो, बाहेरून रक्त. मधल्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन रक्तात शिरतो आणि नको असलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दुसऱ्या नळीतून तेच रक्त लालभडक होऊन धमनीत परत. एकाच माणसाचं रक्त, हातभर अंतरावर दोन रंगांचं! मी त्या दोन नळ्यांकडे किती वेळ बघत उभी होते कोण जाणे.

मी विचारलं, ‘याने बरी होईल ना गं ती?’

ती म्हणाली, ‘आजी, हे यंत्र कुणाला बरं करत नाही. हृदय दमलंय, त्याला सुट्टी देतं. सुट्टीत ते सुधारलं तर सुधारलं. आपल्या घरी कामाची बाई आजारी पडली की बदलीची येते ना, तसं. बदलीची बाई पहिलीचा ताप उतरवत नाही. पण घर चालू ठेवते.’

एवढं सोपं उत्तर मला कुठल्याच डॉक्टरने दिलं नव्हतं. त्यातली भीतीही तिने लपवली नाही. नळ्यांमधून वाहताना रक्त गोठू नये म्हणून ते पातळ करण्याचं औषध द्यावं लागतं. आणि समोर पडलेली बाई तर सिझेरियन होऊन दोनच आठवडे झालेली! पोटातून, गर्भाशयातून रक्तस्राव सुरू झाला तर? म्हणून नर्स दर काही तासांनी तिचं पॅड तपासायच्या, टाक्यांवरची पट्टी बघायच्या. जाड नळीमुळे त्या पायाचं रक्त कमी पडू नये म्हणून खालच्या बाजूला आणखी एक बारीक नळी घातली होती. पाय गार पडतोय का, हे सारखं हात लावून बघत. मेंदूत गुठळी किंवा रक्तस्राव होण्याचा धोका, जंतुसंसर्गाचा धोका… यादी मोठी होती. आणि पैसा? रोजचा आकडा ऐकून कानात दडे बसत. एकूण बिल लाखांत जातं, आणि शेवटी माणूस हाती लागेलच असं नाही.

एका बाईच्या उशाशी बसलेला डॉक्टर

भाची घरी आल्यावर मी या यंत्राबद्दल जमेल तसं वाचत गेले. तेव्हा कळलं, याची सुरुवातही एका बाईपासूनच झाली आहे.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. जॉन गिबन नावाच्या तरुण डॉक्टरला रात्रभर तिच्यापाशी बसवलं होतं. तिचं रक्त काळवंडत चाललेलं त्याला दिसत होतं आणि हातात काहीच उपाय नव्हता. शेवटी ऑपरेशन करूनही ती गेली. त्या रात्री गिबनच्या मनात आलं, हे काळं रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत घालता आलं असतं तर?

पुढची वीसहून अधिक वर्षं त्याने या एकाच विचाराच्या पाठीमागे घालवली. त्याच्या जोडीला होती त्याची बायको मेरी. सगळे तिला मॅली म्हणत. ती स्वतः प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. सुरुवातीचे प्रयोग दोघांनी मांजरांवर केले, यंत्र जोडलं, मोडलं, पुन्हा जोडलं. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवताना या यंत्राने सुमारे २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुस यांचं काम केलं. ती मुलगी जगली. आज बायपासच्या वेळी वापरतात ते हार्ट-लंग मशीन त्याच घराण्यातलं.

पण ते यंत्र काही तासच चालायचं. रक्ताचा आणि ऑक्सिजनचा थेट संबंध आला की रक्तपेशी खराब व्हायच्या. मध्ये पातळ पडदा आला तेव्हा दिवसच्या दिवस ते चालवणं शक्य झालं. १९७५ साली कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला त्यावर ठेवलं. आपण म्हणतो ना, ‘बाळाने पोटातच शी केली आणि ती श्वासात गेली,’ तसंच त्या बाळाचं झालं होतं. आई मेक्सिकोतून आलेली, गरीब. तीन दिवसांनी बाळ यंत्रावरून सुटलं आणि पुढे चांगलं मोठं झालं. नर्सेसनी तिचं नाव ठेवलं होतं एस्पेरांझा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ होतो आशा.

आपल्याकडे हे तंत्र रुजायला बराच काळ गेला. त्यात मुंबईच्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. आमच्या शेजारच्या मालाडच्या रिद्धिविनायक रुग्णालयातले डॉ. प्रणय ओझा यांचं नाव यात आवर्जून घेतलं जातं. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीने जगभर या यंत्राकडे नव्याने लक्ष वेधलं. त्या साथीत गरोदर बायका फार गंभीर आजारी पडत होत्या, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये एक्मोवर ठेवलेल्या रुग्णांत गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकाही होत्या. पुढे कोविडमध्येही तेच दिसलं. ‘गरोदर बाईला हे यंत्र लावायचं नाही’ ही पूर्वीची भीती हळूहळू कमी झाली.

कुणाला लागतं, कुणाला नाही

बाळंतपणात एक्मोची वेळ फार थोड्या जणींवर येते. आमच्यासारखं हृदय ढिलं पडलं तर, फुप्फुसात मोठी गुठळी अडकली तर, न्यूमोनियाने फुप्फुसं भरून गेली तर, किंवा प्रसूतीच्या वेळी गर्भजल आईच्या रक्तात शिरून हृदय एकाएकी बंद पडायला लागलं तर. फुप्फुसाचाच त्रास असेल तर रक्त शिरेतून काढून शिरेतच परत देतात. हृदयही दमलं असेल तर आमच्यासारखं धमनीत.

जगभरातल्या अशा ३५० हून अधिक गरोदर आणि बाळंतिणींच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदी २०२० साली एकत्र तपासल्या गेल्या. चारपैकी साधारण तिघी वाचल्या होत्या. इतक्या टोकाला गेलेल्या रुग्णांसाठी हा आकडा मोठाच आहे, कारण या बायका तरुण असतात आणि त्यांचा आजार बऱ्याचदा उलटण्यासारखा असतो. पण लक्षात ठेवा, ही माणसं वेळेत चांगल्या केंद्रात पोचलेली होती. आणि चौथी? चौथीचंही घर असतं.

आमच्या शेजारच्या खाटेवर तशी एक चौथी होती. दूरच्या तालुक्यातून तीन रुग्णालयं बदलून आलेली. तिला यंत्र लावेपर्यंत मूत्रपिंड, यकृत सगळं थकलं होतं. तिचे वडील आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसत. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे बघून फक्त हात जोडून गेले. ते हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी हृदय तसंच होतं. तिसऱ्या दिवशी इकोत किंचित हालचाल दिसली. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले, तोंडात नळी असल्याने बोलता येईना, तर हाताने पाळणा हलवल्यासारखं केलं. मी तिला मोबाइलवर बाळाचा फोटो दाखवला. पाचव्या दिवशी यंत्राचा वेग थोडा थोडा कमी करून पाहिला. हृदय तग धरतंय का, प्रेशर टिकतंय का. सहाव्या दिवशी नळ्या काढल्या. त्या परफ्युजनिस्ट मुलीने पंप बंद केला आणि स्क्रीनकडे बघत बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मागे वळून म्हणाली, ‘आजी, आता हे तिचं तिचं चाललंय.’

महिन्याने भाची घरी आली. गोळ्या लांबपर्यंत चालू होत्या. पाणी मोजून, मीठ कमी. माझी ती तुपातली खीर आणि वाटी वाटी सूप डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंद केलं. सहा महिन्यांनी इको केला तेव्हा हृदय ५० टक्क्यांवर आलं होतं. दुसऱ्या बाळाचा विचार हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करायचा नाही, असं बजावून सांगितलंय, कारण हा आजार पुढच्या गरोदरपणात उलटू शकतो. घरच्या ज्येष्ठ बायकांनी ‘आता एक मुलगा हवा’ असा धोशा लावायचा नाही, हे मी तिच्या सासूबाईंशी स्वतः बोलले. त्या समजूतदार निघाल्या.

डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टर बाईंना मनातला प्रश्न विचारला. ‘नवव्या दिवशीच आणली असती तर?’

त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, ‘नक्की सांगता येणार नाही. पण कदाचित गोळ्या-इंजेक्शनांवर भागलं असतं.’

मैत्रिणींनो, त्या ‘कदाचित’साठी हा लेख लिहिलाय.

यंत्राच्या अलीकडचं

तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं झालं. आमच्या गावात कुठलं आलंय एक्मो! खरंच आहे. अनेक जिल्ह्यांत ते नाही. पण आमच्या घरची चूक मुंबईत होऊन झालीच ना? पाच-दहा मिनिटांवर इकोची सोय होती आणि आम्ही चार दिवस आल्याचा काढा देत बसलो. यंत्र वेळ मिळवून देतं हे खरं, पण घरात वाया गेलेला वेळ तेही परत आणत नाही. आणि घरातला वेळ गावातही आपल्याच हातात असतो.

महाराष्ट्राने या बाबतीत पुष्कळ मजल मारली आहे. २००१-०३ मध्ये आपल्या राज्यात १ लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचे मृत्यू होत. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, रक्त मिळू लागलं, गाडी मिळू लागली, म्हणून हे घडलं. पण दवाखान्यातून घरी आल्यावर आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि सगळं घर बाळाभोवती गोळा होतं. आईकडे बघायला कुणी उरत नाही. म्हणून काही गोष्टी सांगते. या सगळ्या मी त्या दिवसांत डॉक्टर-नर्सेसकडून शिकले.

* गरोदरपणी थोडी धाप लागते हे खरं. पण बसल्या जागी धाप, आडवं पडल्यावर वाढणारी धाप, रात्री दचकून उठवणारा खोकला, उशांवर उशा रचून झोपावं लागणं ही थकव्याची लक्षणं नाहीत. बाळंतपणानंतर तर नाहीतच. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

* पायाच्या नडगीवर अंगठा दाबून बघा. खळगा पडून राहत असेल, सूज वाढत असेल, दोन दिवसांत वजन एकदम वाढलं असेल, छातीत धडधडत असेल तर थांबू नका.

* एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, एकाएकी छातीत दुखणं ही गुठळीची खूण असू शकते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके ही वाढलेल्या प्रेशरची. अंगावरून तासाभरात पॅड भिजून जाईल इतकं जाणं, थंडी वाजून ताप येणं, हेही तसंच तातडीचं. बाळंतपणात जाणाऱ्या जिवांमागे आपल्या देशात रक्तस्राव हे अजूनही मोठं कारण आहे.

* डॉक्टरांना नुसतं ‘अशक्तपणा आहे’ असं सांगू नका. ‘बाळंत होऊन इतके दिवस झाले, आडवं पडता येत नाही, बसून झोपते’ असं सांगा. आणि स्वतःहून विचारा, ‘हृदयाची सोनोग्राफी करायची का?’ विचारण्यात कमीपणा नाही.

* नाव नोंदवतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा. रक्ताची सोय कुठे आहे? रात्री भूलतज्ज्ञ येतात का? इको कुठे होतो? आणि गंभीर झालं तर तुम्ही कुठे पाठवता? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

* १०८ला फोन करायला लाजू नका. २०१४पासून ही रुग्णवाहिका राज्यभर आहे. सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी गरोदर आणि बाळंतिणींना १०२ची गाडी मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका.

* आशाताई बाळाला बघायला घरी येतात. त्या आल्या की बाळाचं वजन झाल्यावर त्यांना आईचे पायही दाखवा.

* खर्चाचा प्रश्न मोठा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना आधी भेटा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. म्हणून कागदपत्रं, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आधीपासून एका पिशवीत घालून ठेवा. बाळाच्या झबल्यांच्या शेजारीच!

काकूंचा अंगठा

आमची छकुली आता दोन वर्षांची झाली असून घरभर दुडदुडते. बारशाला उशीर झाला होता, पण केलं. त्या दिवशी मी ओटी भरायला पहिल्यांदा कुणाला बसवलं असेल? मालीशवाल्या काकूंना. त्या संकोचून म्हणाल्या, ‘अहो ताई, मी काय केलं? नुसता अंगठा दाबला.’

त्यांनी मला नंतर सांगितलं, वीस वर्षांपूर्वी त्यांची सख्खी जाऊ अशीच बसून झोपायची. अशीच खोकायची. बाराव्या दिवशी पहाटे गेली. घरातल्या म्हाताऱ्या तेव्हा म्हणत होत्या, ‘बाळंतिणीचं असं होतंच.’ कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, की कशाने गेली तेही कळलं नाही. ‘तेव्हापासून मी प्रत्येक बाळंतिणीचा पाय दाबून बघते,’ काकू म्हणाल्या.

शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर काढून दाखवले. आणि माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर एक हृदय थकत होतं ते मला दिसलं नाही. दिसलं ते शाळेची पायरी न चढलेल्या काकूंना.

त्या यंत्राचे, ते चालवणाऱ्या मुलीचे, डॉक्टर बाईंचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण भाचीला रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचवलं ते काकूंच्या अंगठ्याने. तो अंगठा तुमच्याकडेही आहे. आज घरी बाळंतीण असेल, तर बाळाचा पाळणा हलवून झाला की तिच्या पायाशी बसा, एकदा दाबून बघा, आणि विचारा, ‘रात्री नीट आडवी झोपतेस ना गं?’

तिने ‘नाही’ म्हटलं, तर संध्याकाळची वाट पाहू नका.